आदल्या दिवशीची इडली

तमिळनाडूतल्या तिरुभुवनम् इथे सकाळी वाफाळणाऱ्या इडलीची सुरुवात आदल्या दुपारी झालेली असते. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं मंदिर आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या रेशमी साड्या ही त्याची ओळख. विणकरांत सौराष्ट्री समाज मोठा. त्यांच्या बोलीत मराठी कानाला ओळखीचे शब्द सापडतात. घरातच माग असला की सकाळी चुलीपाशी वेळ घालवणं परवडत नाही. आंबवलेल्या पिठाची न्याहारी अशा घराला सोयीची, कारण तिचं कष्टाचं काम आदल्या दिवशीच उरकतं.

साधारण चार वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी, असं प्रमाण असतं. तांदूळ आणि डाळ चार-पाच तास वेगवेगळे भिजवतात, वाटतातही वेगवेगळे. खरी परीक्षा उडदाची. थोडं थोडं गार पाणी घालत डाळ इतकी हलकी वाटायची की पिठाचा थेंब पाण्यात टाकला तर तरंगावा. मिक्सर तापतो आणि पीठही तापवतो, म्हणून दगडी वेट ग्राइंडरचा मान इथे अजून टिकून आहे. तांदूळ मात्र किंचित रवाळ ठेवतात.

दोन्ही पिठं हाताने कालवून, मोठ्या भांड्यात अर्धी जागा मोकळी सोडून झाकून ठेवली की माणसाचं काम संपतं. पुढचं काम डाळ-तांदळासोबत आलेले जिवाणू करतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा प्रमुख. तो आम्ल तयार करतो, त्याने आंबटपणा येतो. कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने पीठ फुगतं. हा वायू धरून ठेवायला उडदातली प्रथिनं आणि चिकट द्रव्यं लागतात. नुसत्या तांदळाच्या पिठातून तो निसटून जातो. इडलीतला उडीद जुनाच: बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातली ‘इडरिका’ केवळ उडदाची होती, तांदूळ तिच्यात नव्हता.

तीस अंशांच्या आसपास पीठ आठ-दहा तासांत फुलतं. कावेरीकाठच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि मग ते उतू जाऊन ओटा माखतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत तेच पीठ सकाळी जसंच्या तसं दिसतं. तिथे भांडं उबदार जागी ठेवून जास्त वेळ द्यावा लागतो. फुललेलं पीठ फार ढवळू नये, धरलेली हवा निघून जाते.

सकाळी उरतं ते दहा-बारा मिनिटं वाफवणं. सोबत चटणी-सांबार असतंच. पण या भागाची खासियत म्हणजे कडप्पा. मूगडाळ आणि बटाट्याच्या या पातळ भाजीला नारळ-बडीशेपेचं वाटण असतं, आणि मूगडाळ व बटाटे आधी शिजवून ठेवता येतात.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये जातं. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा; आंबट झालं की कांदा-मिरची घालून उत्तप्पा किंवा कुळी पणियारम्, म्हणजे आपल्या आप्प्यांचे सख्खे भाऊ. आणि पीठ नसेल त्या रात्री उरलेला भात पाण्यात भिजत घालतात. हा ‘पळय सादम्’ सकाळी ताक-मीठ घालून कुस्करायचा आणि छोट्या सांबार कांद्याबरोबर खायचा. चूल पेटवायचीही गरज नाही.