घरी इंटरनेट घेताना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा प्रस्तुत लेखकास अशी आज्ञा केली की, धान्याच्या तेजी-मंदीचा विषय या वर्षी बाजूस ठेवावा आणि सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही लिहावे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य धुळ्याच्या बाजारात गहू, बाजरी, हरभरा यांच्या पोत्यांमध्ये गेले. गेली काही वर्षे मी मुलाच्या नोकरीनिमित्ताने सुरतेजवळ इच्छापोर येथे राहतो. पेढीवर पुतण्या बसतो, पण हिशेब अजून मीच पाहतो, आणि ते सर्व घरी आलेल्या एका बारीक तारेवरून. ही तार कोणाकडून घ्यावी याचा निर्णय मी एकदा चुकलो. त्या चुकीची किंमत मी भरली नाही, घरातील दुसऱ्या व्यक्तीने भरली. यास्तव हा विषय निवडला आहे.

व्यापाऱ्याचे भांडवल जितके पैशाचे, तितकेच वार्तेचे. इच्छापोरहून जो रस्ता हजिऱ्याकडे जातो, त्या बाजूस सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात परदेशी गलबते तेथे नांगर टाकीत. सुरतेचे विख्यात जैन सावकार वीरजी व्होरा यांचा मिऱ्यांचा व्यवहार थेट मलबारपर्यंत चाले, आणि इंग्रजांची कंपनी त्यांच्याकडून कर्ज घेई. त्या काळी दूरच्या बाजाराची खबर कासिदाच्या पायांवर किंवा गलबताच्या शिडांवर अवलंबून असे. आमच्या वडिलांच्या पिढीने भाव तारेने मागविले. मी स्वतः ट्रंक कॉल लावून तासन्‌तास टेलिफोनपाशी बसलो आहे. ती तारसेवाही २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाच्या सेवेस ‘ब्रॉडबँड’ म्हणण्याचे ठरले. पुढे ती मर्यादा ५१२ वर नेली गेली, आणि २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएस झाली. आज आपल्या घरी याच्या पन्नासपट वेग सहज येतो. असो.

आता माझी हकीकत. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही नव्या घरी राहावयास गेलो. चार कंपन्यांची पत्रके मी समोर मांडली, चष्मा लावला, आणि बाजारात करतो तसाच सौदा केला. एका कंपनीने वर्षाचे पैसे एकरकमी दिल्यास बरीच सूट देऊ केली होती. ठोक व्यापाऱ्यास एकरकमी सुटीचा मोह किती अनावर असतो, हे वाचकांस सांगावयास नको. सूनबाई पुण्याच्या एका कार्यालयाचे हिशेबाचे काम घरी बसून करीत असे. ती एवढेच म्हणाली, “बाबा, स्वस्त आहे हे खरे, पण बंद पडले तर येणार कोण, ते एकदा विचारू या.” मी म्हणालो, “अगं, एवढी मोठी कंपनी आहे, कोणीतरी येईलच.” आणि पैसे भरले.

जुलैत पाऊस लागला. एके रात्री भिंतीवरील पेटीत तांबडा दिवा लागला, आणि तो अकरा दिवस विझला नाही. फोन करावा तर यंत्र बोले; तक्रारीचा क्रमांक मिळे; दुसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार निकाली निघाली आहे’ असा संदेश येई, आणि दिवा तांबडाच. पुढे चौकशीअंती समजले ते असे : आमच्या गल्लीतील तार कंपनीची नव्हतीच. ती एका स्थानिक केबलवाल्याची होती, कंपनी त्याच्या तारेवरून आपला माल विकीत होती, आणि त्या दोघांत हिशेबावरून वाद झाला होता. रस्ता खोदताना तार तुटली, ती जोडावी कोणी, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत होते.

जुलैचा उत्तरार्ध म्हणजे आयकराची विवरणपत्रे भरण्याचे दिवस. ३१ तारीख तोंडावर. सूनबाईने मोबाइलवर काम रेटून पाहिले, परंतु मागील खोलीत मोबाइलची लहर धड येत नसे. चार वर्षांची नात घरी ठेवून ती रोज अडाजणला मैत्रिणीच्या घरी जाऊन बसू लागली. तरी दोन वेळा काम उशिरा गेले. महिनाअखेरीस पुण्याच्या कार्यालयाने ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपविले. मी सुटीत वाचविलेले पैसे तिच्या एका महिन्याच्या मेहनतान्याच्या पासंगासही पुरणारे नव्हते. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

त्यानंतर मी हा विषय शिकावयास बसलो. जे समजले ते आपल्या बाजाराच्या भाषेत सांगतो.

भावाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पत्रकावरील आकड्यात अठरा टक्के जीएसटी बहुधा धरलेला नसतो; म्हणजे ३९९ चे सुमारे ४७१ होतात आणि ६९९ चे ८२५. राउटरची अनामत, जोडणीचे शुल्क आणि सेवा सोडताना यंत्र परत दिल्याची पावती, या तीन गोष्टी आधी लेखी विचाराव्यात. ‘अमर्याद’ या शब्दासही मर्यादा असते. पुष्कळ योजनांत महिन्याकाठी ठराविक माल, बहुधा तीन हजार जीबीच्या पुढे, वापरल्यावर वेग एकदम उतरतो. साध्या घरास तेवढा माल संपविणे कठीण आहे, म्हणून त्याची चिंता नको. पण स्वस्त योजनेत ही मर्यादा किती, ते अवश्य वाचावे. चित्रपटांच्या फुकट वर्गण्या म्हणजे पोत्याबरोबर मिळणारी पिशवी होय. पिशवीसाठी पोते कोणी घेत नाही.

वेगाच्या बाबतीत मात्र आपली मंडळी हमखास फसतात, कारण येथे माप दोन आहेत. मी धुळ्याहून येथे आलो तेव्हा गुजरातच्या बाजारातील भाव ऐकून चकित झालो होतो. आमच्याकडे भाव क्विंटलचा, येथे मणाचा, आणि हा मण वीस किलोचा; आमच्या आजोबांचा चाळीस शेरी मण सदतीस किलोंहून अधिक भरे. शब्द तोच, माप निराळे. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनी वेग ‘बिट’मध्ये सांगते, आणि आपल्या संगणकावर फाइल ‘बाइट’मध्ये उतरते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसची तार घेतली तर एका सेकंदास साडेबारा मेगाबाइटच उतरतात. एक जीबीचा चित्रपट ऐंशी सेकंदांत येतो, दहा सेकंदांत नव्हे. यात फसवणूक नाही; घेणाऱ्याने माप विचारले पाहिजे एवढेच.

दुसरी गोष्ट ‘पर्यंत’ या शब्दाची. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ याचा अर्थ शंभरच असा नव्हे. बाजारात आपण कडता धरतो, तसा येथेही धरावा लागतो. काचेच्या तारेची जी पद्धत घरोघरी आली आहे, तिच्यात एका मुख्य तारेचे फाटे करून बत्तीस किंवा चौसष्ट घरांस देतात. मुख्य तारेची ताकद खाली येणाऱ्या मालासाठी सुमारे अडीच हजार एमबीपीएस. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढ लावली तर प्रत्येकाच्या वाट्यास चाळीसही येत नाहीत. तसे क्वचितच घडते हे खरे. तथापि रात्री नऊ ते अकरा या वेळात सर्व घरे एकदम जागी असतात. यास्तव वेगाची वानगी घ्यावयाची तर रात्री दहास घ्यावी, दुपारी तीनला नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ नावाचे अॅप यासाठी आहे. संगणक तारेने राउटरास जोडून एकदा मोजावे आणि मग बिनतारी मोजावे. दोहोंत फार अंतर आढळले तर दोष कंपनीचा नसून आपल्या भिंतींचा आहे. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो : एक दूर जाते पण हळू, दुसरी वेगवान पण भिंतीस थकते. राउटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे ठेवून कंपनीस शिव्या देणारी घरे मी पाहिली आहेत. आमचे घरही त्यांत होते.

आणि वेग हवा किती? टेलिव्हिजनवर अत्यंत स्वच्छ प्रकारचा चित्रपट पाहण्यास नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरेसे मानते. दोन पडदे, एक मुलाचा वर्ग, एक व्हिडिओवरील बैठक असे सर्व एकत्र चालले तरी पन्नासांत भागते. तीनशेची तार घेणारा गृहस्थ बहुधा शेजाऱ्यास सांगण्यासाठी घेतो. मात्र घरी बसून काम करणाऱ्यांनी एक प्रश्न निराळा विचारावा : माल वर पाठविण्याचा वेग किती? पत्रकात मोठ्या अक्षरांत असतो तो खाली येण्याचा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सेवा. भाव व वेग पत्रकावर छापलेले असतात. सेवा छापलेली नसते, आणि नेमकी तीच आपण विकत घेत असतो. सुरतेच्या भागात जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गुजरातचीच जीटीपीएल अशी परिचित नावे आहेत. पण यांपैकी कोणती चांगली, असे विचारणाऱ्यास मी उत्तर देत नाही. एका गल्लीत जी उत्तम चालते, तीच पलीकडच्या गल्लीत पडून राहते. नाव सर्वत्र एक. तार ओढणारा, शिडी घेऊन येणारा माणूस मात्र निराळा. इच्छापोरसारख्या ठिकाणी, जेथे हजिऱ्याच्या अवजड मालमोटारींची वर्दळ आहे आणि बांधकाम थांबत नाही, तार तुटणार हे गृहीतच धरावे. ती कोण आणि किती वेळात जोडतो, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून विक्री करणाऱ्या तरुणास पहिला प्रश्न असा विचारावा : “आमच्या खांबापर्यंतची तार तुमची स्वतःची, की दुसऱ्याची?” तो घुटमळला तर उत्तर मिळाले असे समजावे. मग आपल्याच गल्लीतील तीन घरी जाऊन विचारावे, की मागल्या पावसात किती दिवस बंद होते. यापरते प्रमाणपत्र नाही.

कायद्याचे थोडे ज्ञानही असावे; मला नव्हते. प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनुसार बिघाड तीन कामाच्या दिवसांहून अधिक लांबल्यास सात दिवसांच्या, आणि सातांहून अधिक लांबल्यास पंधरा दिवसांच्या आकाराची सूट ग्राहकास मिळावयाची होती. आमचे अकरा दिवस त्या दुसऱ्या वर्गात बसत. मी मागितली नाही, कोणी दिली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले आहेत. तक्रार करताना क्रमांक लिहून घ्यावा, आणि ‘निकाली’ असा खोटा संदेश आल्यास गप्प न बसता त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. २०१२ च्या नियमांप्रमाणे त्यास शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावयाचा असतो. प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र उघडा आहे; दूरसंचाराच्या तक्रारी तेथे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत दिला आहे. ग्राहक साहाय्याचा राष्ट्रीय क्रमांक १९१५.

आम्ही दुसरी जोडणी घेतली ती सूनबाईच्या पसंतीने. मी केवळ तिच्याबरोबर गल्लीतून फिरलो. भाव पूर्वीपेक्षा दरमहा दोनशे रुपयांनी अधिक, वेग पूर्वीपेक्षा कमी. पण तार जोडणारा माणूस इच्छापोरातच राहतो आणि त्याच्या घरीही तीच जोडणी आहे. पेटीस व राउटरास मिळून एक लहानसा बॅटरीचा संच लावला आहे, कारण वीज गेल्यावर पेटीचा दिवा विझतो आणि मग तार कितीही चांगली असून काय उपयोग? मोबाइलचा एक निराळ्या कंपनीचा क्रमांकही केवळ अडचणीसाठी चालू ठेवला आहे. सूनबाईस पुढे सुरतेच्याच एका पेढीचे काम मिळाले. मेहनताना पहिल्याइतका नाही.

गेल्या पावसाळ्यात आमची तार दोन वेळा तुटली. एकदा चार तासांत जोडली गेली. दुसऱ्या वेळी रात्रीचा पाऊस असल्याने माणूस सकाळी आला, शिडीवर चढण्यापूर्वी त्याने चहा घेतला, आणि साडेनऊपूर्वी दिवा हिरवा झाला. वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यास दोन महिने फुकट, असा त्या कंपनीचा संदेश मला दर महिन्यास येतो. मी अद्याप महिन्याचेच भरतो.