एका जिल्ह्यातले दोन पावसाळे, दोन शिंजीर

जास्वंदीवर बाकदार चोचीचा, अंगठ्याएवढा, लखलखणारा पक्षी दिसला की कुणीतरी हटकून म्हणतं, ‘हमिंगबर्ड!’ हमिंगबर्ड आज फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत राहतात आणि त्यांचं नातं पाकोळ्यांशी आहे. आपल्याकडचा तो शिंजीर, चिमणी-बुलबुलांच्या गणातला. फुलातला मध प्यायचा म्हणून दोन्ही कुळांनी लांब चोच, नळीसारखी जीभ आणि झळाळती पिसं स्वतंत्रपणे मिळवली. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. शिंजीर थोडा वेळ तरंगू शकतो, पण शक्यतो फांदी धरून बसतो.

खरी गंमत आपल्या घाटावर आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो; त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही मोठ्या मुश्किलीने पडतो. या उतरंडीवर शिंजिरांनीही आपापली जागा धरली आहे.

कोयना-चांदोलीच्या दाट, ओल्या रानात लाल पाठीचा छोटा शिंजीर भेटतो. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. नराचा माथा हिरवा, गळा जांभळा, पाठ गडद लाल, पोट पिवळं. मादी साधी, पण शेपटीच्या वर तिलाही लाल ठिपका असतो. जगात हा पक्षी फक्त पश्चिम घाटात आढळतो. फुलांचा हंगाम सरकेल तसा तो डोंगर चढतो-उतरतो. शास्त्राला त्याची ओळख 1832 मध्ये कर्नल साइक्स यांनी करून दिली. दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलेला हा अधिकारी पक्ष्यांचीही नोंद ठेवत होता.

पूर्वेच्या कोरड्या आटपाडी, जत, म्हसवडकडे उतरलं की राज्य जांभळ्या शिंजिराचं. हा बोटभर मोठा नाही, दोनेक सेंटिमीटरच जास्त. पण सावलीची त्याला फारशी गरज नाही. उन्हाळ्यात पळस निष्पर्ण होऊन पेटतो, पांगारा फुलतो, तेव्हा त्याची चंगळ असते. पळसाच्या फुलांचं परागण करणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे. विणीच्या काळात नर लांबून काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळाजांभळा. हा निळा रंग पिसात नसतोच. मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाश तो घडवतो. विणीनंतर नर ही झळाळी टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. छातीवर एक काळी रेघ तेवढी उरते. मादी कोळ्याच्या जाळ्याने गवत, साली, कचरा सांधून लोंबती पिशवी विणते आणि दारावर छोटी वळचणही काढते. पिलांना मात्र मधावर वाढवता येत नाही. त्यांना किडे-कोळी भरवावे लागतात.

दोघांच्या रानांत एवढा फरक असूनही एक ताट सामाईक आहे: बांडगूळ. आंब्यावर किंवा लिंबावर ते दिसलं की शेतकरी कोयता शोधतो. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी 1931 मध्ये कोकणातल्या बांडगुळावर निबंध लिहून त्याचे भागीदार दाखवून दिले: शिंजीर परागकण वाहतात, फुलचुक्या फळं खाऊन चिकट बिया पुढच्या फांदीवर पोचवतात. म्हणून शिंजीर पाहायचा असेल तर दुर्बीण आधी बांडगुळाकडे वळवावी. चांदोलीला सांगलीच्या शिराळ्याकडून जाताना, जिथे शेतं संपून जंगल सुरू होतं, तिथे फुललेल्या बांडगुळापाशी दोघांपैकी कोणीही येऊ शकतो. पाठ लाल दिसली, की आपण पावसाच्या राज्यात शिरलो असं समजावं.