मुरमाच्या वाटेवर पारनेर

गावोगावच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर नीट पाहिला, तर त्याच्या कडेवर '28 × 1½' असा आकडा कोरलेला दिसतो. दीड इंच, म्हणजे जवळपास 38 मिलिमीटर रुंदी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर लोकप्रिय झालेल्या 'ग्रॅव्हल बाइक'च्या टायरची रुंदी साधारण 35 ते 50 मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून खडीवरून, चाकोरीतून, ओहोळातून जाणाऱ्या त्या सायकलीने कच्च्या रस्त्याचा हिशेब फार आधीच मांडला होता. मधल्या काळात डांबर आले, सायकली शहरी झाल्या आणि टायर बारीक होत गेले. आता ते पुन्हा रुंद होत आहेत.

ग्रॅव्हल बाइक दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल तसेच खाली वळलेले, पण टोकाला जरा फाकलेले. उतारावर खडीत हात घट्ट राहावेत, यासाठी ही रचना. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर थोडे जास्त असते, ब्रेक डिस्कचे असतात आणि चढासाठी हलके गिअर दिलेले असतात. खरा फरक मात्र हवेत आहे. डांबरावरच्या बारीक टायरमध्ये 80 ते 100 पीएसआय हवा ठासून भरतात. ग्रॅव्हलच्या रुंद टायरमध्ये 30 ते 40 पुरते. कमी हवेचा टायर दगडावर उसळत नाही, दगडाभोवती दबतो. त्यामुळे मनगटे वाचतात आणि चढावर मागचे चाक जागीच फिरत राहत नाही.

या प्रकाराला नाव मिळाले अमेरिकेत. 2006 मध्ये कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाजवळ 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची कच्च्या रस्त्यांवरची शर्यत सुरू झाली. ती आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' म्हणून ओळखली जाते. तो भाग फ्लिंट हिल्सचा. वर पातळ माती, खाली गारगोटीसारखा कठीण दगड. नांगर चालला नाही म्हणून तिथली गवताळ जमीन टिकली आणि तिच्यातून जाणारे खडीचे रस्तेही टिकले. 2022 मध्ये इटलीतल्या व्हेनेटो भागात या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पातळ माती, खाली खडक, गवत आणि कच्चे रस्ते, हे वर्णन वाचून अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोणालाही आपल्याकडचे माळ आठवावेत.

याच जिल्ह्यातले, सेनापती बापटांचे जन्मगाव असलेले पारनेर आणि त्याचा तालुका म्हणजे डोंगरांच्या आडव्या रांगा आणि त्यांच्यामधली पठारे. कान्हूर पठार समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथे पोहोचेपर्यंत बहुतेक ओसरलेला असतो. म्हणून इथले जंगल मावळ-कोकणासारखे गर्द नाही. बाभूळ, बोर, हिवर, खैर, मधूनच कडुनिंब आणि टेकड्यांवर वन खात्याने लावलेले गिरिपुष्प. सायकलस्वाराला हे जंगल सोयीचे पडते, कारण वाट लांबपर्यंत दिसते आणि पाऊस सरला की चार दिवसांत कोरडी होते.

याचे कारण पायाखाली आहे. दख्खनचा काळा बसाल्ट ऊन-पावसाने झिजून त्याचा मुरूम होतो. मुरमातून पाणी झिरपून जाते, वर खरखरीत, दाबून बसलेला थर उरतो आणि त्यावर चाक छान चालते. पण हीच झीज वर्षानुवर्षे वाहून सखल भागात साचली की तिची काळी माती होते. ओली काळी माती म्हणजे सायकलीचा शत्रू. ती टायरला चिकटते, थरावर थर चढतो आणि चाक व फ्रेम यांच्यामधली फट भरून चाक फिरायचे थांबते. मग काटकी घेऊन खरवडत बसण्यावाचून इलाज नाही. जाणकार म्हणूनच पावसाळ्यात माळ आणि टेकडीची वाट धरतात, ओढ्याकाठची टाळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम. तेव्हा टेकड्यांवर वाळत आलेले सोनेरी गवत असते आणि शेतांत ज्वारी, कांदा, वाटाणा.

दुसरा शत्रू आकाराने लहान आहे. सराटा. माळावर जमिनीलगत पसरणारी पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला निरुपद्रवी, पण तिचे फळ वाळले की त्याचे टोकदार काटे कडक होतात. फळ कसेही पडले तरी एखादा काटा वर असतोच. वाटेवर बाभळीच्या छाटलेल्या फांद्याही पडलेल्या असतात, कारण बांधावरचे कुंपण त्यांचेच. ट्यूब असलेल्या टायरचा इथे निभाव लागणे कठीण. ट्यूबलेस टायरमध्ये चीक घालतात, त्याला सीलंट म्हणतात. काटा घुसला की हा चीक भोकाशी येऊन घट्ट होतो आणि हवा अडते. घुसलेला काटा लगेच उपटू नये, हेही शिकण्यासारखे. बऱ्याचदा तोच बुचाचे काम करत असतो.

वाट कुठून काढावी? पारनेरहून कान्हूर पठारावर चढायचे, तिथून वडगाव दर्याला उतरायचे, पुढे टाकळी ढोकेश्वर गाठायचे, ही एका दिवसाची सुरेख फेरी होते. मधले डांबर पूर्ण टाळता येत नाही आणि तसा हट्टही नको. वडगाव दर्या म्हणजे पठाराला अचानक पडलेली खोल घळ. तिच्यात दर्याबाईचे देऊळ आणि नैसर्गिक गुहा आहेत. बसाल्टच्या मुलखात सहसा न दिसणारे लवणस्तंभ इथे आहेत. झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थेंबाथेंबाने साचून छतावरून खाली आणि जमिनीवरून वर वाढत गेला. त्यांना हात लावू नये. घामट, तेलकट बोटांचा स्पर्श झाला की त्या जागी चुना नीट धरत नाही. टाकळी ढोकेश्वरला टेकडीत कोरलेले शैव लेणे आहे, साधारण सहाव्या शतकातले. आत सप्तमातृकांचा पट आहे आणि तो पाहण्यासाठी सायकल बाजूला लावून पायऱ्या चढणे अगदी सार्थकी लागते.

या फेरीत एक गोष्ट पायांना कळते, मोटारीत बसलेल्याला सहसा कळत नाही. तालुक्याच्या मधून पाणलोटाची रेघ जाते. पारनेरची हंगा नदी दक्षिणेला घोडनदीकडे जाते, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत. उत्तरेला मांडओहोळचे पाणी मुळेला मिळते आणि मुळा गोदावरीच्या खोऱ्यातली. म्हणजे पठारावरच्या एखाद्या चढाच्या माथ्यावर सायकल थांबवली, तर मागच्या उतारावर पडलेला थेंब कृष्णेचा असतो आणि पुढच्या उतारावरचा गोदावरीचा. दिवसभरात एवढे चढ का लागले, याचेही उत्तर त्यातच मिळते.

दक्षिणेला निघोजच्या दिशेने गेले तर कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे भेटतात. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेल्या गोट्यांनी खडकात कोरलेले हे खोल खड्डे प्रसिद्ध आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही असते. पळशीचा तटबंदीचा गाव आणि जामगावचा महादजी शिंद्यांचा वाडा इतिहासाची आवड असलेल्यांसाठी. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्कीचे लांबलचक पाते डोंगरावर न्यायचे तर रस्ता रुंद, वळणे मोठी आणि चढ बेताचा ठेवावा लागतो. म्हणून पवनचक्क्यांपर्यंत जाणारे मुरमाचे रस्ते सायकलीला मानवणारे असतात. पण ते कंपन्यांच्या ताब्यातले असू शकतात, तेव्हा आधी विचारलेले बरे.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो राळेगणसिद्धी आणि शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारच्या टेकड्यांना. 1975 मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, त्यानंतर राळेगणमध्ये नालाबंड, चर, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीची कामे उभी राहिली. हिवरे बाजारने 1990च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तोच रस्ता धरला आणि पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडायची पद्धत घालून दिली. या टेकड्यांवर समान उंचीवरून खोदलेले समतल चर दुरून रेघांसारखे दिसतात. पाऊस उतारावरून धावण्याऐवजी त्या चरांत थांबतो, मुरतो आणि काही महिन्यांनी खालच्या विहिरीत येतो. ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने जाताना चर कुठे संपले आणि उघडा माळ कुठे सुरू झाला, हे स्पष्ट दिसते. झाडी त्या रेषेवर बदलते. पाणलोटाचे काम म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगला मार्ग नाही, असे म्हणायला हरकत नाही.

पण या वाटा नेमक्या कोणाच्या? गावच्या महसुली नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता, शेतांमधून जाणारी ती पाणंद. कागदावर या वाटा आहेत, जमिनीवर मात्र दोन्ही बाजूंचे बांध पुढे सरकत येऊन त्या अरुंद झाल्या, कुठे नाहीशाच झाल्या. अडवलेला रस्ता मोकळा करण्याचे अधिकार तहसीलदाराला 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याने दिले आहेत. 2021 मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्त्यांचे काम हाती घेतले. त्यातला मुख्य लाभार्थी शेतकरी आहे आणि तसाच असायला हवा. भर पावसात कांदा बाहेर काढायला वाट नसणे म्हणजे काय, हे पारनेरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सायकलस्वार तिथे पाहुणा. म्हणूनच पिकातून चाक न घालणे, फाटक उघडले तर पुन्हा लावणे, मेंढ्यांचा कळप आला की खाली उतरून उभे राहणे हे त्याने पाळायलाच हवे. कळपाच्या कुत्र्यांपुढे जोरात पेडल मारून पळणे हा सर्वांत वाईट उपाय. उतरून सायकल मधे धरावी आणि धनगराला हाक द्यावी.

पारनेर आणि शेजारच्या जुन्नर भागात बिबट्याचा वावर आहे. पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने आणि झाडीतून एकट्याने जाऊ नये. राखीव वनात शिरायचे तर वन खात्याची परवानगी लागते. पठारावर मैल-मैल वस्ती नसते, तेव्हा दोन-तीन लिटर पाणी, पंप, ट्यूबलेस टायर बुजवायच्या वाती आणि एक जास्तीची ट्यूब सोबत हवीच. मोबाइलवरचे नकाशे पाणंद आणि ओढा यांत गल्लत करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणातले नकाशे 2017 पासून ऑनलाइन मिळू लागले. त्यात उंचीच्या रेषा दिसतात आणि चढ किती आहे, ते आधीच कळते. महागडी ग्रॅव्हल बाइक नसेल तर साधी माउंटन बाइक किंवा रुंद टायर बसणारी हायब्रीड सायकल या वाटांवर उत्तम चालते. पहिल्या खेपेला पारनेर ते कान्हूर पठार आणि परत, एवढेच करावे. निघण्याआधी पठारावरच्या वाऱ्याची दिशा पाहावी. दुपारनंतर तो वाढला की त्याच्याविरुद्ध परतताना सपाट वाटही चढासारखी लागते. म्हणून निघतानाच वाऱ्याच्या अंगावर जावे आणि परतीला तो पाठीशी घ्यावा.