सुव्लाकी, आगटी आणि एका दिवसाचा धीर

(राहाता, जि. अहिल्यानगर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव फळ्यावर वाचून काही जण गालातल्या गालात हसले, ते मला इथून दिसलं. राहात्यात बोलायचं तर पेरूवर बोलावं, उसावर बोलावं, ग्रीसचं मटण कशाला? पण समोर बचत गटाच्या ताई बसल्या आहेत. त्यांना जत्रेत, महोत्सवात स्टॉल लावायचा आहे आणि मोबाईलवर पाहून त्यांनी हा पदार्थ निवडलाय. आज हाडासकट मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात आहे. दोन किलो मटण चिवट झालं तर स्टॉलचा सगळा नफा तिथेच गेला. घरी केलं आणि आजोबांना चावलं नाही, तर परत कोणी करणार नाही. म्हणून आज पाककृती कमी सांगणार आहे. मटण चिवट का होतं, ते जास्त सांगणार आहे.

आधी नाव. सुव्लाकी म्हणजे छोटी सळई. 'सुव्ला' ही मोठी सळई, 'सुव्लाकी' तिचं लाडकं, लहान रूप. अथेन्समध्ये हिलाच 'कलामाकी' म्हणतात, म्हणजे बोरूची छोटी काडी. तिथे नुसतं सुव्लाकी मागितलं तर बऱ्याचदा पावात गुंडाळलेलं मिळतं. थेस्सालोनिकीच्या लोकांना हे मान्य नाही. आपल्याकडे मिसळीवरून जे होतं, तेच. (हशा) उभ्या सळईवर फिरणारा जो मांसाचा थर असतो, तो 'यीरो'. तो वेगळा, त्याला यंत्र लागतं. आपला विषय घरच्या सळईचा.

पदार्थ किती जुना? सांतोरिनी बेटावर आक्रोतिरी नावाचं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथल्या उत्खननात सळया ठेवायचे जोडीचे आधार सापडले, वर सळईसाठी खाचा आणि खाली हवा खेळायला भोकं. होमरच्या 'इलियड'च्या नवव्या सर्गात खुद्द अकिलीस पाहुण्यांसाठी मांस सळयांना लावून निखाऱ्यावर भाजतो.

पण आपणही काही मागे नव्हतो बरं का. संस्कृतात 'शूल्य' हा शब्दच आहे, शुळावर भाजलेलं. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकातला विदूषक, राजाच्या शिकारीपायी सळईवरचं मांस खावं लागतं म्हणून कुरकुरतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, इथून काही फार लांब नाही. त्यात सळईला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला 'भडित्रक' म्हटलंय. तेव्हा परकं काही आणतोय असं मनात धरू नका. आपल्या स्वयंपाकघरात मटण सळईवरून उतरून रश्श्यात गेलं, एवढंच. आणि ते रश्श्यात का गेलं, याला कारण आहे.

आता मुद्द्याचं. मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू बांधून ठेवणारी दोरी म्हणजे कोलॅजन. जनावराचं वय वाढतं तशी ही दोरी घट्ट होते. जो स्नायू जास्त राबतो, त्यात ती जास्त असते. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे कोलॅजन आक्रसतं आणि मांसातलं पाणी पिळून काढतं. त्यानंतर सत्तर-ऐंशी अंशांवर ओलसर उष्णतेत बराच वेळ ठेवलं, तरच ते विरघळतं आणि मटण लुसलुशीत होतं. आपला रस्सा, आपला कुकर हेच काम करतो. सळईवर मात्र मांस आठ-दहा मिनिटंच असतं. तेवढ्या वेळात कोलॅजन आक्रसतं, पण विरघळत नाही. म्हणून जे मटण रश्श्यात उत्तम, ते सळईवर चामडं. खांदा, नळी, मान रश्श्याला ठेवा. सळईला घ्यायची मागची मांडी, म्हणजे राण, किंवा पाठीजवळचा चापाचा गर. बोकड कोवळा हवा. सव्वा-दीड किलोची राण मागा, तीन किलोची नको.

आपल्या शेजारी संगमनेर. तिथल्या नावाची संगमनेरी शेळी ही मान्यताप्राप्त जात आहे. दुधाला आणि मटणाला, दोन्हीला चालते. तिच्या सुधारणेचं काम आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केलं आहे. म्हणजे चांगला कोवळा बोकड आपल्या दाराशी आहे. फक्त तो खाटकाकडे ओळखून मागता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, आणि सगळ्यांत जास्त मटण तिथेच बिघडतं. आपल्याकडे ताजं म्हणजे चांगलं. सकाळी सहाला बोकड कापला, आठला घेतलं, बाराला ताटात. भाजीला हे ठीक. पण कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतो, ताठ होतो. तो ताठरपणा सुटायला आणि मांसातल्या एन्झाइमांनी धागे सैल करायला एक-दोन दिवस थंडाव्यात जावे लागतात. युरोपात मांस तसं मुरवूनच दुकानात येतं. आपण आखडलेलं मांस सळईवर लावतो आणि मसाल्याला दोष देतो.

मग करायचं काय? राण अख्खी, हाडासकट आणायची. हाडाला धरलेला स्नायू आखडायला मोकळा नसतो. घरी आल्यावर बाहेर रेंगाळू द्यायची नाही. झाकणाच्या भांड्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एक दिवस. फार तर दोन. उन्हाळ्यात वीज सारखी जात असेल तर हा खेळ करूच नका, त्या दिवशी रस्सा करा. आणि ताजं मटण लगेच फ्रीजरमध्ये टाकायचं नाही. आखडण्याआधीच एकदम गार पडलं तर स्नायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आक्रसतो, आणि मग ते कशानेही सैल होत नाही. 'फ्रीजरमधलं मटण वातड लागतं' अशी तक्रार असते ना, तिचं एक कारण हे.

दुसऱ्या दिवशी हाड काढा. वरचा पांढरा चिवट पडदा सुरीने सोलून टाका, तो दातात अडकतो. धाग्यांच्या आडवे तुकडे करा, अंगठ्याच्या पेराएवढे. ग्रीसमध्ये थोडे मोठे असतात, पण तिथे आज बहुतेक सुव्लाकी डुकराच्या मांसाची होते. ती मऊ असते, चरबीही जास्त. आपला बोकड कोरडा. म्हणून दर तीन तुकड्यांमागे चरबीचा एक लहान तुकडा ओवा. कुरकुर करणारे ताटात तो बाजूला काढतील, काढू द्या. त्याचं काम झालेलं असतं.

मुरवण. ग्रीक मुरवण अगदी साधी असते: तेल, लिंबू, मीठ, मिरी, लसूण आणि ओरेगॅनो. गरम मसाला नाही, हळद नाही. ऑलिव्ह तेल महाग वाटत असेल तर शेंगदाण्याचं घ्या, चव वेगळी येईल पण वाईट येणार नाही. ओरेगॅनो पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतून प्रत्येकाच्या घरी ड्रॉवरमध्ये साठलेलं आहे. (हशा) त्याहून छान म्हणजे पानओवा. दारातल्या कुंडीत असतो, जाड, लवदार पानांचा, मुलांना खोकल्यावर देतात तो. त्याच्या तेलातली द्रव्यं आणि ओरेगॅनोची द्रव्यं यांत मोठं साम्य आहे. किलोला सात-आठ पानं बारीक चिरून घाला.

यात आत शिरतं ते फक्त मीठ. ते आदल्या रात्रीच लावायचं, किलोला अडीच चमचे, सपाट. तेल, लसूण, ओवा वरवरच राहतात, त्यांना दोन तास पुष्कळ. लिंबू तर शेवटच्या अर्ध्या तासात. आपलं कागदी लिंबू युरोपातल्या लिंबापेक्षा आंबट, रात्रभर ठेवलं तर तुकड्याचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होतो. दोन लिंबं किलोला पुरतात, तिसरं ताटात पिळायला.

कच्च्या पपईचं काय, हा प्रश्न येणारच होता. घाला, पण ओळखून घाला. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं आणि भाजताना मांस साठ-सत्तर अंशांना पोचतं, तेव्हा ते जास्तच जोरात चालतं. किलोला एक मोठा चमचा वाटण, दोन तास. रात्रभर ठेवलंत तर बाहेर पीठ आणि आत रबर. राण एक दिवस मुरलेली असेल तर पपई लागतच नाही, माझं मत असं.

आता विस्तव. इथे नगर जिल्ह्याच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. थंडीत शेतात हुरड्याची आगटी लावतो तेव्हा कणीस जाळात धरतो का? नाही, निखाऱ्यात. इथेही तेच. लोखंडी घमेलं घ्या, सिमेंट कालवलेलं नको, रंग दिलेलं असेल तर एकदा रिकामं तापवून रंग जाळून टाका. तळाला दोन बोटं वाळू, वर कोळसा. दोन्ही बाजूंना विटा, त्यांवर सळया आडव्या. निखाऱ्यावर राखाडी पापुद्रा आला की तयार. सळईच्या उंचीवर तळहात धरा, चार मोजेपर्यंत हात मागे घ्यावासा वाटला की आच बरोबर. दोनलाच भाजलं तर थांबा. चरबी गळून जाळ उठला तर सळया बाजूला घ्या, नाहीतर काजळी बसून कडू लागतं.

पेरूच्या बागांत छाटणी होते, ते वाळलेलं लाकूड भरीव असतं, निखारा टिकतो. मूठभर टाकून बघा. मात्र नुकतीच फवारणी झालेल्या फांद्या नकोत. आणि कुठल्याही झाडाची काडी तोडून सळई करू नका. कण्हेर दारोदार आहे, सरळ फांदी दिसते, पण ती विषारी आहे. बांबूच्या काड्या बाजारात मिळतात, अर्धा तास पाण्यात भिजवा म्हणजे जळत नाहीत. लोखंडी सळई चपटी घ्या, गोल सळईवर तुकडा फिरतो आणि एकच बाजू भाजते. सायकलचे स्पोक वापरलेले मी पाहिलेत. त्यांवर जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असतो, ते नकोच.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. कोळसा घरात पेटवायचा नाही. पाऊस आला म्हणून घमेलं उचलून खोलीत नेलं, दार लावलं, असं अजिबात नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दरवर्षी येतात. विझल्यासारखा दिसणारा निखाराही हा वायू सोडतच असतो.

भाजताना मिनिटा-मिनिटाला फिरवा, आठ ते दहा मिनिटं. तुकडे एकमेकांना घट्ट दाबून ओवू नका, मधल्या जागा कच्च्या राहतात. ढोबळी मिरची, कांदा त्याच सळईवर लावला तर फोटो छान येतो, पण कांदा शिजेपर्यंत मटण वाळतं. भाज्यांची सळई वेगळी ठेवा. खाद्य थर्मामीटर आता स्वस्त मिळतो, स्टॉल लावणाऱ्यांनी घ्याच. मटणाच्या अख्ख्या तुकड्याला आत ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा, हा अमेरिकेत सांगितला जाणारा सुरक्षित आकडा. आपल्या लोकांना तांबूस रंग आवडत नाही, म्हणून मी ७० पर्यंत नेतो. त्यापुढे नेऊ नका. चिकनला मात्र ७४ हवेतच, आणि तिथे छातीपेक्षा मांडीचं बोनलेस घ्या. गावरान कोंबडी या कामाची नाही, तिचा रस्साच करा.

सोबत 'झात्झीकी'. नाव अवघड, पदार्थ घरचा: श्रीखंडाचा चक्का आणि काकडी. दही फडक्यात तीन-चार तास टांगा, काकडी किसून मीठ लावून घट्ट पिळा, लसूण, थोडं तेल, लिंबू. साखर नाही, दाण्याचं कूट नाही, फोडणी नाही. हात शिवशिवतील, पण आवरा. (हशा) पीटाऐवजी दह्यात भिजवलेल्या कणकेची जाडसर पोळी तव्यावर भाजा. ज्वारीची भाकरी चवीला सरस, पण गुंडाळताना तुटते. ताटात वाढायची असेल तर भाकरीच वाढा.

आता हिशोब, ताईंसाठी. दीड किलो राणेतून साधारण एक किलो गर निघतो. शंभर ग्रॅमची सळई धरली तर दहा सळया. साडेसातशेच्या भावाने मटणाचे सव्वाअकराशे. कोळसा, दही, पोळी, काड्या, तेल धरून पावणेतीनशे. म्हणजे एक सळई एकशे चाळीसला पडली, आणि यात तुमची मजुरी नाही. शंभर रुपयांत मटणाची सळई विकणार असाल तर स्टॉल लावू नका, चिकनची विका. आणि वजन कच्च्याचं सांगा. भाजल्यावर पाव हिस्सा तरी घटतो, गिऱ्हाईक तुमच्याकडे संशयाने बघतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: फ्लॅटमध्ये राहतो, कोळसा शक्य नाही. काय करू?)

बिडाचा तवा. धूर निघेपर्यंत तापवा, तेल तव्यावर नाही, तुकड्यांना लावा. काडी तव्यापेक्षा लांब नको. थोड्या-थोड्या सळया ठेवा. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मटण भाजण्याऐवजी उकडतं. निखाऱ्याचा वास येणार नाही, मऊपणा तोच येईल.

(प्रश्न: उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम करायचं का?)

परत सळईवर नको, वाळून जाईल. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी बारीक चिरा, कांदा परता, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, चांगली वाफ आणा. स्टॉलवर दिवसभर उघडं राहिलेलं मात्र घरी नेऊ नका, कितीही जीव तुटला तरी.