वर्षाची चटणी आणि जुडीचा भाव

पहाटे साडेपाच

दव वाळायच्या आत धन्याचा वाफा कापून घ्यायचा. कार्तिकातल्या कोथिंबिरीतला एवढा एकच वाफा न उपटता सोडला होता, आता बोंडं तपकिरी झालीत. ऊन चढलं की हात लागताच दाणे झडतात, मग बसा माती चाळत. पेंढ्या ताडपत्रीवर टाकल्या आणि उसाकडे निघालो.

साडेसहा

सुरू उसाच्या सरीत बगलेला कोथिंबीर आहे. टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं इकडं चढवतात. ते आल्यापासून कडेगावच्या शिवारात ऊस वाढला. पण ऊस पैसे देणार वर्षानं, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. पेरताना धने चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाकी करायच्या. एका दाण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या झाल्या की उगवण दाट होते. ऊस झाकोळायच्या आत हे पीक निघालंच पाहिजे, म्हणून उपटणीला उद्या-परवा चालत नाही.

आठ

मुळं झटकायची, पिवळी पानं काढायची, जुडी बांधायची. जुडी मोठी बांधली तर आपलं नुकसान, बारीक बांधली तर व्यापारी बाजूला सारतो. ओली कोथिंबीर दाबून भरली की आतून तापते आणि काळी पडते. टेम्पो आला, हे माल घेऊन कराडला गेले. पिचलेल्या जुड्या घरात ठेवल्या, दुपारच्या वड्यांना.

दहा

आता वाळवण. कडीपत्त्याच्या डहाळ्या धुऊन, निथळून सोप्यात कापडावर पसरल्या. मी सवयीनं अंगणाकडे वळले तर आत्या ओरडल्या, "उनात नगं टाकू, पाला पिवळा पडतोय!" त्यांचं खरं आहे. उन्हात पाला लवकर वाळतो, पण रंग जातो आणि वासही.

मेथीचा पाला खुडून त्याच्याच शेजारी. किलोभर पाल्याचे वाळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम उरतात, पण मेथीचा वास वाळल्यावर उलट दाट होतो. पुदिनाही बऱ्यापैकी टिकतो. कडीपत्त्याचा निम्मा वास जातो, तरी चटणीत चालून जातो. कोथिंबिरीच्या पानाला मात्र वाळवण मानवत नाही. तिचा वास ज्या तेलात असतो ते वाळताना उडून जातं आणि हातात हिरवा भुसा राहतो. दुकानातली वाळकी कोथिंबीर मी तरी विकत घेणार नाही.

बारा

भाकरी, आमटी, वड्या. पुढचा तासभर लोळणे, त्याची नोंद नको.

दोन

फाल्गुन लागला की घरोघरी वर्षाची चटणी, शहरात जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. धने, जिरे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजलं. कांदा उभा चिरून तेलात लालबुंद केला. शेवटी त्याच तेलात सकाळच्या कोथिंबिरीची एक जुडी, चुरचुरीत होईपर्यंत. कोथिंबिरीतलं पाणी घालवायचंच तर असं, तेलात. आणि ते पुरतं गेलंच पाहिजे, ओलसर राहिली तर पावसाळ्यात बरणीला बुरशी.

चार

डंकावर रांग. आधी मिरची, मग कोरडा मसाला, कांदा-लसूण सगळ्यात शेवटी. खोकून सगळ्यांचे डोळे लाल, तरी गप्पा थांबत नाहीत. कुणाच्या चटणीत खोबरं जास्त आणि कुणी धने कमी घातले, हे इथं नुसत्या वासावर कळतं आणि तोंडावर सांगितलंही जातं.

सहा

न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला पुदिना वरवर खुडला. मुळासकट ओढायचा नाही, आठ-दहा दिवसांत पुन्हा फुटतो. सोप्यातला पाला एकदा हलवला.

साडेआठ

हे परतले. आवक जास्त होती, शेकड्याला कालच्यापेक्षा कमी मिळाले. "राहिलेल्या सऱ्या दोन दिवस थांबवू, भाव चढेल," असं त्यांचं म्हणणं. मी बॅटरी घेऊन बांधावर जाऊन आले. दोन-चार झाडांचा मधला दांडा वर सरकलाय, म्हणजे फुलावर यायची तयारी. फुलावर आलेली जुडी कुणी उचलत नाही. भाव असो नसो, उपटणी उद्याच. मजूर बायकांना रात्रीच फोन केले.