मोठेपणी ड्रम्स: आधी तोंडात, मग हातात

ड्रम्स शिकण्याचं वय आता निघून गेलं, असं म्हणणारी बहुतेक माणसं गणपतीच्या आरतीला उभी राहिली की चोख टाळी देतात. आरती चढत्या लयीत जाते, आणि खोलीतली सगळी माणसं कुणी न मोजता, कुणी न सांगता ती वाढती लय एकदम पकडतात. लय अंगात नसती तर हे घडलंच नसतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळाचा मेंदूसुद्धा ठेक्यातला मुख्य आघात गाळला तर त्याची दखल घेतो. उलट, संगीताचा ठेका मुळात जाणवतच नाही अशा माणसाची सविस्तर नोंद मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. अशी माणसं इतकी दुर्मीळ, की त्या एका माणसावर स्वतंत्र शोधनिबंध झाला. तेव्हा मोठेपणी शिकणाऱ्याची खरी अडचण लय नाही. त्याला कळतं लवकर आणि हाताला येतं उशिरा, ही त्याची अडचण. आणि हे अंतर तोडण्याचं साधन आपल्या तालपरंपरेत केव्हापासून आहे: पढंत, म्हणजे ठेक्याचे बोल आधी तोंडाने म्हणणं.

ड्रम्सचा अगदी पहिला ठेका घेऊ. चार मोजायचे, प्रत्येकात ‘आणि’ घालायचा: एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, या आठही जागा वाजवतो, उजवा पाय एक आणि तीनवर बेस ड्रम वाजवतो, डावा हात दोन आणि चारवर स्नेअर. समजायला पाच मिनिटं पुरतात. पण वाजवायला बसलं की उजवा पाय उजव्या हाताच्या मागे धावू लागतो आणि आठही जागांवर पडायला बघतो, कारण शरीराची स्वाभाविक ओढ अवयव एकत्र हलवण्याकडे असते. लहान मूल अशा वेळी चुकत-माकत वाजवत राहतं. मोठा माणूस थांबतो, ओशाळतो, काडी आणखी आवळून धरतो. आवळलेली काडी ड्रमवरून उसळत नाही, प्रत्येक आघात मनगटाच्या जोरावर काढावा लागतो, आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. मग तो म्हणतो, वय झालं. वयाचा इथे फारसा संबंध नाही. एकाच वेळी काळ मोजणं आणि तीन अवयव हलवणं अशी दोन कामं त्यानं अंगावर घेतलेली असतात. तबल्याच्या तालमीत ही कामं वेगळी केली जातात. कायदा, म्हणजे तबल्याची ठरावीक बांधणीची रचना, हातात येण्याआधी त्याचे बोल हाताने टाळी-खाली दाखवत म्हणायचे, अडखळल्याशिवाय, ठाय लयीत. दक्षिणेत हीच गोष्ट कोन्नकोल म्हणून स्वतंत्र कला झाली. त्रिलोक गुर्टू, रणजित बारोट या मुंबईच्या ड्रमवादकांच्या हातात भारतीय लय किती खोल मुरलेली आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. नवशिक्यानेही ‘धुम् टक् धुम् टक्’ असं चार मात्रांवर म्हणावं, म्हणत म्हणत फक्त पाय आणि डावा हात जुळवावा, आणि ते सहज झाल्यावरच उजवा हात आणावा. तोंडाने काळ धरला की हाताला फक्त त्याच्यामागून जायचं असतं. मोजणं, तुकडे पाडणं, नेमकं कुठे चुकतंय ते ओळखणं, या बाबतींत मोठा माणूस मुलापेक्षा सरस असतो. पढंत त्याच्या या बळावर उभी आहे.

लहानपणी शिकलेल्यांची सर येत नाही, हा आक्षेप खोटा नाही. सात वर्षांच्या आत वाद्य शिकू लागलेल्यांची तालातली अचूकता, एकूण शिक्षणाची वर्षं सारखी असली तरी, उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा जास्त आढळली आहे. पण ही तुलना संगीतकारांची संगीतकारांशी आहे. उशिरा सुरू करणाऱ्याला काहीच येत नाही, असं त्यातून निघत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ड्रम्स कधीच न वाजवलेल्या प्रौढांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास शिकवलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या लहान मेंदूत आणि त्याच्याशी जोडलेल्या भागांत बदल दिसले. प्रयोग छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. तरी आठवड्याला दीड तास नोकरी-संसारातही निघतो, आणि तो एका रविवारी उरकण्यापेक्षा तीन दिवसांत वाटणं बरं, कारण हाताचं शिक्षण मधल्या झोपेतही मुरत असतं.

शेजाऱ्यांचा आक्षेप मात्र मला सगळ्यात वजनदार वाटतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. खरा ड्रमसेट वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० च्या वर सहज जातो. इलेक्ट्रॉनिक सेटने आवाज हेडफोनमध्ये राहतो, पण पेडलची धमक स्लॅबमधून खालच्या घरात पोचतेच. म्हणून पहिले काही महिने रबरी पॅड, दोन काड्या, लयीसाठी मेट्रोनोम आणि पायाखाली जाड सतरंजी पुरे. सेट क्लासमध्ये वाजवावा, कानात बोळे घालून.

क्लास चालवणाऱ्यांकडे एक मागणं आहे. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या श्रेणी-परीक्षांची वाट शाळकरी मुलांना ठीक आहे, पण मोठ्यांना तिच्यावरून सक्तीनं नेऊ नये. त्यांना पहिल्याच महिन्यात एक ओळखीचं गाणं द्यावं. कहरव्यातली असंख्य मराठी-हिंदी गाणी यासाठी तयार आहेत: त्याच्या आठ मात्रा म्हणजे हाय-हॅटच्या आठ जागा, सम बेस ड्रमच्या पहिल्या आघातावर, खाली दुसऱ्यावर. ठेका तोंडपाठ असला, की लय मिनिटाला साठ ठोक्यांच्याही खाली ठेवून मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत न थांबता जाता येतं. मध्ये एखादी मात्रा हातून सुटली तरी तोंड चालू ठेवावं आणि पुढच्या समेवर पुन्हा शिरावं.