गुडघ्याच्या सांधारोपणात अस्थिबंधास होणारी इजा व तिची व्यवस्था

२००० आणि २००१ साली तत्कालीन पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केल्या, तेव्हापासून ‘गुडघा बदलणे’ हा शब्दप्रयोग खेडोपाडी रूढ झाला. वस्तुतः गुडघा समूळ बदलला जात नाही. मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूची आवरणे बसवितात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवितात. सांधा जागेवर धरून ठेवण्याचे काम मात्र रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांनाच, म्हणजे लिगामेंटना करावे लागते. दाराची फळी नवी बसली तरी बिजागरी जुनीच राहते, असे म्हणता येईल.

यांपैकी गुडघ्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध शस्त्रक्रियेत सर्वाधिक जपावा लागतो. आपल्या जिल्ह्यात त्याचे महत्त्व विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुखणे एका हंगामावरून दुसऱ्यावर ढकलले जाते आणि रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. अशा गुडघ्यात आतील अस्थिबंध वर्षानुवर्षे आखडलेला असतो. पाय सरळ करावयाचा तर तो थोडा थोडा सोडवून घ्यावाच लागतो. कोठे थांबावे हा अंदाज हाताचा असतो, आणि तो चुकू शकतो.

इजा होण्याची दुसरी वाट करवतीची. नडगीचे हाड कापताना किंवा मांडीच्या हाडाचा मागील आतला भाग कापताना वेगाने थरथरणारे पाते हाडापलीकडे गेले, तर अस्थिबंध क्षणात छेदला जातो. ताठ गुडघा बळाने वाकविताना तो हाडापासून उखडूही शकतो. रुग्ण अतिस्थूल असल्यास हा धोका वाढतो. प्रसिद्ध अभ्यासांत ही इजा साधारणतः दर दोनशे शस्त्रक्रियांत एक ते शंभरात तीन इतकी आढळली आहे.

खरा प्रश्न ती तेथेच ओळखण्याचा आहे. आतापर्यंत घट्ट असलेला सांधा एकाएकी सैल लागतो, नेहमीपेक्षा बरीच जाड चकती घालावी लागेल असे वाटते, किंवा पाय बाहेरच्या दिशेस ढकलून पाहिल्यास आतील फट उघडते. केवळ जाड चकती घालून वेळ मारून नेता येते, पण तसे केलेला गुडघा पुढे डगमगतो, चकती एका बाजूने झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जखम शिवण्यापूर्वी सांधा सरळ ठेवून व वाकवून, दोन्ही स्थितींत तपासण्याचा आमचा परिपाठ आहे.

अस्थिबंध हाडापासून उखडला असेल तर तो स्क्रू अथवा धाग्याच्या खिळीने पुन्हा जागेवर बसविता येतो. मधोमध तुटला असेल तर टाके घालून जोडतात आणि गरज भासल्यास मांडीमागील स्नायूच्या रज्जूची त्यास जोड देतात. अस्थिबंध टिकण्याजोगा राहिलाच नसेल, तर ज्याची रचनाच आडवी हालचाल रोखते असा बंदिस्त प्रकारचा सांधा बसवावा लागतो. सरसकट हाच सांधा का वापरू नये, असे देणगीदार विचारतात. अस्थिबंधावर पडावयाचा ताण त्यात हाड व सिमेंट यांच्या जोडावर पडतो, आणि तरुण वयाच्या रुग्णात ही काळजीची बाब ठरते. अमेरिकेत लिओपोल्ड व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १६ गुडघ्यांचा अस्थिबंध जोडून सहा आठवडे पट्टा बांधण्यात आला होता, व पुढील तपासणीत एकही गुडघा डगमगता आढळला नाही. मात्र नंतरच्या सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष इतके उत्साहवर्धक नाहीत. त्यामुळे जोड भक्कम वाटला नाही, तर विशेषतः वृद्ध रुग्णात, आम्ही बंदिस्त सांध्याकडे वळतो. (वाटीखालील रज्जू तुटणे याहून गंभीर असते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

घरच्यांना सर्वाधिक चिंता असते ती पट्ट्याची. हा पट्टा बिजागरीचा असल्यामुळे गुडघा वाकविण्याचा व्यायाम थांबत नाही. रोखली जाते ती आडवी हालचाल. रुग्णास वॉकर धरून चालता येते. सहा आठवडे पट्टा काढून चालणे तेवढे टाळावे.

गतवर्षी केज तालुक्यातील एका मावशींच्या शस्त्रक्रियेत असा प्रसंग आमच्याच हातून घडला. त्यांच्या मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, हे आईच्या वयामुळं झालं, का तुमच्या हातून?” करवतीने झाले, आमच्या हातून झाले, असे आम्ही त्याच सायंकाळी सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मग पट्टा किती दिवस ठेवायचा ते त्याने विचारून घेतले. मावशी आता काठीवाचून चालतात.

त्या दिवशी खिळी व पट्टा हाताशी होते; बंदिस्त सांधा मात्र नव्हता. असे सांधे बहुधा पुनर्शस्त्रक्रियेच्या संचातून येतात आणि ते आधी मागवून ठेवावे लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती कर वगळून ५४,७२० रुपये, तर पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्यासाठी १,१३,९५० रुपये होती. हा फरक रुग्णाकडून घ्यावयाचा नाही, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे, आणि देणगीचा काही भाग त्यासाठी राखून ठेवला आहे. फार वाकलेल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आता हा संच मागवून ठेवला जातो, आणि संमतीपत्रावरील अस्थिबंधाच्या इजेचा मजकूर परिचारिका नातेवाइकांस मोठ्याने वाचून दाखवितात.